राजबागचे गोल्फ मैदान: क्लबाविना आलेला खेळ

काणकोण तालुक्यात राजबाग किनाऱ्यालगत ललित हॉटेलच्या आवारात नऊ होलचे गोल्फ मैदान आहे. (होल म्हणजे चेंडू मारण्याच्या जागेपासून तो ज्या खळग्यात घालायचा तिथपर्यंतचा पट्टा.) त्याची पारख करताना गोव्यात गोल्फ इतक्या उशिरा का आला, हे ध्यानात घेणे इष्ट ठरते. कोलकात्यात १८२९ मध्ये आणि मुंबईत १८४२ मध्ये इंग्रजांनी गोल्फ क्लब काढले, आणि त्यांच्या छावण्यांबरोबर हा खेळ देशभर पसरला. गोवा मात्र १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली राहिल्यामुळे त्या परंपरेबाहेरच राहिला. येथे क्लब नव्हते असे मुळीच नाही. पणजीचा क्लब वास्को द गामा १९०९ चा आहे आणि मडगावचा हार्मोनियाही जुनाच. पण त्यांची ओढ नाच, संगीत आणि पत्त्यांकडे होती. गोल्फ आला तो पंचतारांकित हॉटेलांच्या पाहुण्यांसाठी. मोबोरच्या तेव्हाच्या लीला हॉटेलचे बारा होलचे छोटे मैदान हे त्याचेच उदाहरण. पाणी आणि जमीन यांच्या प्रश्नावरून १९९० च्या दशकात गोव्यात गोल्फ मैदानांना विरोध झाला, आणि तो अनाठायी होता असे मला वाटत नाही.

राजबागच्या मैदानाची खुबी त्याच्या दुहेरी 'टी'मध्ये आहे. प्रत्येक होलसाठी चेंडू मारण्याच्या दोन जागा असल्यामुळे तीच नऊ ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळी, दुसऱ्या फेरीत वेगळ्या अंतरावरून आणि वेगळ्या कोनातून गाठावी लागतात, व अठरा होलचा डाव पुरा होतो. गोल्फचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे १७६४ मध्ये बावीसऐवजी अठरा होलांचा फेरा ठरला, तेव्हाही खेळाडू जाता-येता बहुतेक त्याच होलांवर खेळत असत. त्यामुळे जागेच्या टंचाईतून निघालेली ही तोड खेळाच्या मूळ रीतीला धरूनच आहे. शिवाय मैदान समुद्राजवळ आहे. दुपारनंतर खारा वारा सुटला की उंच फटका भरकटतो; चेंडू जमिनीलगत ठेवणाऱ्याची तेव्हा सरशी होते.

क्लबाचा माहोल, म्हणजे जुने सभासद, विजेत्यांच्या नावांच्या फळ्या, वर्षानुवर्षांच्या चुरशी, हॉटेलच्या मैदानाकडून अपेक्षू नये. पाहुणे चार दिवसांत निघून जातात. तरीही मडगावहून सुमारे चाळीस किलोमीटरचा प्रवास सरावलेल्या खेळाडूने अवश्य करावा. बाहेरच्यांना प्रवेश आणि भाड्याची काठी मिळेल का, हे आधी दूरध्वनीवरून विचारून घ्यावे, आणि नवशिक्यांनी सकाळचीच वेळ मागावी.