एटीसीच्या परीक्षेसाठी क्लास लावावा का? काही महिने वापरून झाल्यावर

एअरपोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडियाच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह एटीसी, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोल (हवाई वाहतूक नियंत्रण), परीक्षेसाठी मी ऑनलाइन बॅच लावली होती. रेकॉर्डेड लेक्चर, टेस्ट सिरीज आणि आठवड्यातून एकदा मार्गदर्शक सरांशी फोनवर बोलणं, असं ते पॅकेज. लेखी निघाली, व्हॉइस टेस्ट झाली, आता अंतिम यादीची वाट बघतेय. इथे अमरावतीत अभ्यासिकेत बसणाऱ्या कितीतरी जणांना ही परीक्षा असते हेच माहीत नसतं. एमपीएससी, बँक, रेल्वे, तलाठी यापलीकडे कुणी काही सांगतच नाही. फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी झालेल्या मुलामुलींसाठी ई-१ (अधिकाऱ्यांच्या पहिल्या) श्रेणीची, ४०,००० ते १,४०,००० वेतनश्रेणीची नोकरी आहे ही, आणि तिच्या प्रशिक्षणाचं एक केंद्र आपल्याच गोंदियात आहे. म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी निष्कर्ष सांगते. लेक्चरचे पैसे वसूल झाले नाहीत. मॉक, म्हणजे सराव परीक्षा, झाल्यावर कुणीतरी माझा पेपर उघडून माझ्यासोबत बसत होतं, त्याचे मात्र पुरेपूर झाले.

पेपर दिसायला सोपा आहे. १२० प्रश्न, १२० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. निम्मा भाग इंग्रजी, रीझनिंग, गणिती अभियोग्यता आणि सामान्य ज्ञान. उरलेले ६० गुण फिजिक्स आणि मॅथ्सचे. बँकेची तयारी करणाऱ्याला पहिला भाग ओळखीचा वाटतो आणि तो त्यातच रमतो. खरी गाळणी दुसऱ्या भागात आहे. तिथे बारावीचं पुस्तक पुरत नाही, पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचं डिफरन्शियल इक्वेशन, मॅट्रिक्स, व्हेक्टर, सेमीकंडक्टर, ऑप्टिक्स काढून बसावं लागतं. बरं, सगळं काढून बसायला वेळ नसतो. काय सोडायचं हे ठरवणं हाच अर्धा अभ्यास आहे, आणि एकट्याने ते ठरवायला हात धजावत नाही. इथे सरांचा खरा उपयोग झाला.

एक उदाहरण देते. मॉकमध्ये प्रश्न होता: एका मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू १, २, ३ आहेत, तर तिच्या वर्गाचा ट्रेस (कर्णावरच्या संख्यांची बेरीज) किती? उत्तर मी बरोबर दिलं होतं, म्हणून निकालाच्या पानावर हिरवी खूण होती आणि माझ्या लेखी विषय संपला होता. सरांनी त्या प्रश्नावर गेलेला वेळ दाखवला. मी आधी मॅट्रिक्स मांडून मग गुणाकार करत बसले होते. ते म्हणाले, "अगं, आयगेन व्हॅल्यूंचे वर्ग कर आणि बेरीज कर. एक, चार, नऊ. चौदा. पुढे जा." मग त्यांनी माझे बरोबर आलेले सगळे प्रश्न वेळेच्या क्रमाने लावले. पहिल्या पानावर मॅथ्सच होतं. फिजिक्समध्येही तेच. प्रकाशाच्या यंगच्या प्रयोगाची मांडणी पाण्यात बुडवली तर फ्रिंजची, म्हणजे पडद्यावरच्या उजेड-अंधाराच्या पट्ट्यांची, रुंदी तीन-चतुर्थांश होते. तरंगलांबी अपवर्तनांकाने भागायची, बस. मी तिथे पूर्ण सूत्र लिहून किमती भरत होते. चुकलेले प्रश्न कुठलंही ॲप दाखवतं. बरोबर आलेल्या प्रश्नांत वाया गेलेली मिनिटं मला माणसाने दाखवली.

त्यानंतर वहीत तीन रकाने आखायचे असं ठरलं: येत होतं पण चुकलं, येतच नव्हतं, आलं पण वेळ खाल्ला. दर मॉकनंतर ते भरून त्याचा फोटो पाठवायचा. सर तिसऱ्या रकान्यापासून बोलायला सुरुवात करायचे. काही आठवड्यांत माझी पेपर सोडवायची पद्धतच बदलली. फिजिक्सचे एका ओळीचे प्रश्न आधी, इंग्रजी मध्ये, लांबलचक मॅथ्स शेवटी, आणि शेवटच्या दोन मिनिटांत उरलेल्या सगळ्यांवर खूण. निगेटिव्ह नसताना एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण घड्याळ धावायला लागलं की ते हातून होत नाही. सवयच लावावी लागते.

मार्गदर्शनाचा दुसरा फायदा परीक्षेच्या स्वभावामुळे होतो. ही जाहिरात दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येत नाही. २०२५ मध्ये ३०९ जागा निघाल्या, अर्जाची मुदत मे महिन्यात संपली आणि १४ जुलैला परीक्षा. जाहिरात बघून अभ्यासाला बसणाऱ्याचा पदवीचा अभ्यासक्रम एवढ्यात उजळून होत नाही. जाहिरात नसलेले महिने फार एकटे असतात. घरचे विचारतात, परीक्षा कधी आहे? आपल्याकडे उत्तर नसतं. त्या काळात दर आठवड्याला कुणाला तरी वही दाखवायची आहे एवढ्यावर माझा अभ्यास टिकला. हे मी कमी लेखणार नाही.

व्हॉइस टेस्टची तयारी हा या सगळ्यात मला सर्वात आवडलेला भाग. लेखीनंतर ही पायरी असते. बोलताना अडखळणं, बोबडेपणा, आवाज चिरकणं असं काही आहे का ते पाहतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुली इथेच घाबरतात, मीही घाबरले होते. आमच्या बॅचला शिकवायला एक मॅडम होत्या. त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं की उच्चार मराठी वळणाचा असेल तर असू दे, समोरच्याला एकदाच ऐकून कळलं पाहिजे. मग त्यांनी चरखी दादरीची हकीकत सांगितली. १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून निघालेलं सौदी विमान १४,००० फुटांवर होतं, उतरणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं, पण ते त्याखाली आलं. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. कझाक वैमानिकांचं इंग्रजीचं ज्ञान कमी पडलं, हे चौकशीत पुढे आलेल्या कारणांपैकी एक होतं. पुढे आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीत वैमानिक आणि नियंत्रकांना आयकाओ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मोजपट्टीवरची इंग्रजीची चौथी पातळी बंधनकारक झाली, आणि त्या पातळीवर असलेल्यांना दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागते. हे ऐकल्यावर रोज मोठ्याने उतारा वाचण्याचा कंटाळा राहिला नाही. रेडिओवर आकडे नीट कळावेत म्हणून पाचाला 'फाइफ', नवाला 'नाइनर' म्हणतात, त्याचा सरावही त्यांनीच करून घेतला. परीक्षेला तो लागत नाही, पण आपण कशासाठी शिकतोय ते त्यातून कळतं. आरशासमोर नाही, फोनवर आवाज रेकॉर्ड करून मॅडमना पाठवायचा. वाक्याच्या शेवटी माझा आवाज खाली पडतो, हे त्यांनी पकडलं. घरात आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

जे आवडलं नाही तेही लिहिते. चालू घडामोडींची रोजची लांब लेक्चर म्हणजे वेळेची नासाडी. सामान्य ज्ञानाला एकूण दहा गुण आहेत. परीक्षा जवळ आली तशी बॅचमध्ये माणसं वाढत गेली आणि शंकेचं उत्तर यायला दोन-दोन दिवस लागू लागले. नेमकं तेव्हाच ते तासाभरात हवं असतं. मेंटॉरिंगसाठी जास्तीची फी घेऊन मग माणूस कमी पाडणं हे मला पटलेलं नाही, आणि मी ते त्यांना लेखी कळवलं आहे. शिवाय "निवड नक्की" अशी जाहिरात करणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवू नका. लेखीनंतर कागदपत्रं, व्हॉइस, मानसशास्त्रीय चाचणी, मादक पदार्थांची तपासणी, मेडिकल एवढं सगळं असतं. यातलं बरंचसं कुठल्याही क्लासच्या हातात नाही.

नुकतंच इंजिनिअरिंग झालेलं असेल आणि मॅथ्स ताजं असेल, तर फक्त टेस्ट सिरीज घ्या आणि पैसे वाचवा. पदवी होऊन वर्ष-दोन वर्षं गेली असतील, गावात सोबतीला याच परीक्षेचं कुणी नसेल, तर मेंटॉर असलेलंच पॅकेज घ्या. भरण्याआधी एकच विचारा: माझा मॉक कोण तपासणार आणि किती वेळ बोलणार? नीट उत्तर मिळालं नाही, तर दुसरीकडे बघा.

आणि फी भरण्याच्याही आधी दोन गोष्टी बघून घ्या. बीएस्सी केलं असेल तर फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही पदवीच्या गुणपत्रिकेवर दिसतात का, वय २७ च्या आत आहे का किंवा सवलत लागू होते का. दुसरं म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन रंग ओळखण्याची तपासणी करून घ्या. मेडिकलमध्ये ती असते आणि बऱ्याच जणांना आपल्याला रंगांची अडचण आहे हे तोवर ठाऊकच नसतं. तपासणीला थोडाच वेळ लागतो, आणि ती आधी झाली तर पुढचे महिने निर्धास्तपणे अभ्यासाला देता येतात.