उद्यमबागेतलं बुलेटचं इंजिनकाम : ३५० ला ५०० चं काय चालतं, काय नाही

जुन्या, कास्ट आयर्न (बिडाच्या) ब्लॉकच्या बुलेटचा क्रँक आणि ब्लॉक करून घ्यायचा असेल, तर बेळगाव परिसरात उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीसारखी दुसरी जागा नाही. मात्र सुटं झालेलं इंजिन परत जोडायचं काम तिथं देऊ नका. ते आपल्या बुलेटच्या मिस्त्रीकडंच ठेवा. हे परीक्षण रेल्वेच्या तिसऱ्या गेटपलीकडच्या एका मशीन शॉपचं आहे. खानापूर, निपाणी, चंदगडकडचे बुलेटवाले आपले क्रँक तिथं आणून देतात. दुकानाचा रोजचा धंदा कारखान्यांच्या जॉबवर्कचा, बुलेटचं काम अधेमधे. त्यामुळं हात मापाला सरावलेले आहेत, पण बुलेटच्या खोडी प्रत्येक कारागिराला माहीत असतीलच असं नाही.

आधी घराणं समजून घ्या. ३५० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. ५०० चा बोअर ८४ मिमी, स्ट्रोक तोच ९०, म्हणजे ४९९ सीसी. स्ट्रोक एकच असल्यामुळं ‘५०० चा ब्लॉक-पिस्टन चढवला की झालं’ असा समज गावोगाव आहे. ऑइल पंप, वर्म (पंप फिरवणारा आट्यांचा गिअर), पॉइंटचा सेट असे भाग दोन्हीकडं चालतात, त्यामुळं तो समज आणखी पक्का होतो. नंतरचं एव्हीएल इंजिन आणि २००८ पासून आलेलं यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकत्र असलेलं) यांचा इथं संबंध नाही. ती वेगळी इंजिनं आहेत, त्यांच्या आतलं काही जुन्या कास्ट आयर्नमध्ये बसवायच्या फंदात पडू नये.

या दुकानाचा पहिला गुण असा, की ३५० च्या केसवर (क्रँककेसवर) ५०० चा ब्लॉक बसवून द्या म्हटलं तर ते सरळ नकार देतात. कारणं बरोबर आहेत. ८४ च्या बोअरचा स्लीव्ह खाली उतरायला केसचं तोंड वाढवावं लागतं. तोंड वाढलं की ब्लॉकच्या बैठकीला ॲल्युमिनियम कमी उरतं, आणि जुन्या केसमध्ये स्टडच्या आजूबाजूला आधीच बारीक चिरा असतात. दुसरं म्हणजे बॅलन्स. फ्लायव्हील ३५० च्या पिस्टनच्या वजनावर बॅलन्स केलेली असतात. त्यावर ५०० चा जड पिस्टन टाकला की थरथर वाढते, ती आधी फूटरेस्टला आणि मग इंजिन माउंटिंगच्या बोल्टांना कळते. आणि आरसीवर ३४६ सीसी असताना आत ४९९ असणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बसत नाही. केए-२२ (बेळगाव) असो वा केए-२३ (चिकोडी), आरटीओत फिटनेसच्या वेळी तो विषय निघू शकतो. पैसे मिळत असताना काम नाकारणारा कारागीर विश्वासाचा.

आता क्रँक. दुकानाची खरी ताकद इथंच आहे. जुन्या बुलेटच्या बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या मोठ्या टोकाला, फ्लोटिंग बुश असतो. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, म्हणून त्याला तेलाचा सतत पुरवठा लागतो. बाजारात रोलर बिग एंडचा रॉड किट मिळतो, त्याला तेल थोडकं असलं तरी भागतं. हायवेला लांब पळणाऱ्या गाडीला रोलर घ्यावा. गावात आणि शेताकडं फिरणाऱ्या गाडीला चांगल्या प्रतीचा फ्लोटिंग बुश वर्षानुवर्षं पुरतो. किट कुठलाही घ्या, ३५० चा रॉड आहे ना ते पिनचा व्यास, मोठ्या टोकाची रुंदी आणि दोन्ही टोकांमधली लांबी कॅलिपरनं मोजूनच खात्री करा. डब्यावरच्या अक्षरांवर जाऊ नका. पुष्कळदा ‘३५०/५०० दोन्हीला’ असं छापलेलं असतं.

क्रँक प्रेसवर जोडल्यावर हे लोक व्ही-ब्लॉकवर ठेवून दोन्ही शाफ्टना डायल गेज लावतात आणि तांब्याच्या हातोडीनं फ्लायव्हील सरळ करतात. रनआउट (फिरताना शाफ्ट किती डगमगतो ते) ०.०५ मिमीच्या आत हवा. इथून आलेले क्रँक बहुधा त्याहून बरेच कमी दाखवतात. डायल फिरताना तुम्ही स्वतः बघा, ते आडकाठी करत नाहीत. त्याच वेळी आणखी एक तपासणी मागून घ्या, कारण ती ते आपणहून करत नाहीत. टायमिंग बाजूच्या शाफ्टच्या टोकाला ऑइल कॅननं तेल दाबा. ते फ्लायव्हीलच्या भोकातून क्रँकपिनपर्यंत जाऊन रॉडच्या कडेनं बाहेर आलं पाहिजे. नाही आलं, तर पिन चुकीची फिरलेली आहे किंवा वाटेत मळी अडकली आहे. असा क्रँक घरी आणू नका.

तेलाच्याच वाटेवर पुढं एक कॉर्कची सील आहे, आणि नवा बिग एंड लवकर खराब होतो त्यामागं अनेकदा तीच असते. टायमिंग कव्हरच्या आतून ही सील शाफ्टच्या टोकावर दाबून बसते. पंपाचं तेल तिच्यातूनच क्रँकमध्ये शिरतं. बोटाएवढी वस्तू, पण कॉर्क दबून पातळ झालेला असला तर तेल क्रँकमध्ये न जाता कडेनं निसटतं आणि बुश कोरडा पडतो. जुनी सील काढून नखानं दाबून बघा. खळगा परत भरून आला नाही तर ती गेली. कव्हर बसवताना स्क्रू पूर्ण आवळण्याआधी कव्हर किंचित उचललेलं जाणवलं पाहिजे, म्हणजे कॉर्क दाबला जातोय. शाफ्टच्या टोकाचा वर्म उलट्या आट्याचा आहे. सरळ समजून जोर लावलेले कितीतरी वर्म कायमचे गेलेले आहेत. मशीन शॉपवाल्यांना हे माहीत असेलच असं नाही, म्हणून क्रँक देण्याआधी वर्म तुमच्या मिस्त्रीनंच काढावा. जोडणी झाली की फिल्टरच्या चेंबरमध्ये तेल ओतून मगच किक मारा. इंजिन चालू झाल्यावर रॉकरला तेल नेणाऱ्या पाइपचा बांजो बोल्ट (आतून पोकळ बोल्ट) थोडा सैल करा. तिथं तेल दिसेपर्यंत रेस करू नका.

ब्लॉकचं काम चांगलं, पण एक गोष्ट सुटलेली. ३५० ला ओव्हरसाइझ पिस्टन २०, ४० आणि ६० थाऊचे (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) मिळतात. ६० थाऊवर बोअर ७१.५ मिमी होतो, म्हणजे सुमारे ३६१ सीसी. त्यापुढं लायनर, म्हणजे ब्लॉकमध्ये नवी नळी बसवणं. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंग करू देऊ नका, कारण दोन कंपन्यांच्या ४० थाऊच्या पिस्टनमध्येही फरक निघतो. हे लोक पिस्टन मोजून त्यावर बोअर धरतात, होनिंगच्या (बोअर आतून घासण्याच्या) तिरप्या रेघा व्यवस्थित पाडतात. पण ब्लॉक नुसता हवेनं झाडून हातात देतात. होनिंगची भुकटी रेघांमध्ये तशीच राहते आणि रिंगा खाते. घरी गरम पाणी, साबण आणि ब्रशनं धुवा. पांढरं कापड आतून फिरवून काळं येणं थांबलं की लगेच तेल लावा, नाहीतर कास्ट आयर्न तासाभरात तांबूस होतं. रिंगा बोअरमध्ये सरळ बसवून फट फिलर गेजनं बघा, ०.३ ते ०.४ मिमी असावी.

५०० चा कार्बोरेटर ३५० ला लावायचा सल्ला इथं काउंटरवर मिळतो. तो मला पटत नाही. ३५० ला व्हीएम २४ (२४ मिमी घशाचा कार्बोरेटर) आणि ९० चा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक), ५०० ला व्हीएम २८ आणि ११० चा. २८ च्या घशाचं क्षेत्रफळ २४ पेक्षा साधारण ३६ टक्क्यांनी जास्त. इंजिन तेवढी हवा ओढत नाही, म्हणून कमी रेसवर हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट उचललं जात नाही आणि सिग्नलला गाडी बंद पडते. लावायचाच असेल तर ११० चा जेट ठेवू नका, १०० च्या आसपासपासून सुरू करून प्लगचा रंग बघत जा, आणि हेडच्या तोंडाशी पायरी राहिली असेल तर घासून सपाट करा. वरच्या रेसला थोडा फायदा होईल, खालचा जोर जाईल.

५०० ची १७ दाती पुढची चकती (साखळीचं स्प्रॉकेट) मात्र घेण्यासारखी. ३५० ला १६ असते. एक दात वाढला की त्याच वेगाला रेस सहा टक्क्यांनी उतरते. निपाणी-कोल्हापूर हायवेला गाडी मोकळी वाटते. तवंदी घाटात फारसा फरक पडत नाही, पण गोव्याहून परत येताना चोर्ल्याच्या चढाला मागं माणूस असला तर तिसरा गिअर लवकर टाकावा लागतो. चकती क्लचच्या मागं आहे. प्रायमरीचं (इंजिन ते क्लच साखळीचं) आतलं केसिंग काढल्याशिवाय ती निघत नाही, म्हणून हे काम क्लच उघडला असतानाच करून घ्या.

पाच गिअरचा बॉक्स जुन्या चार गिअरच्या जागी बसवून देतो असंही ते सांगतात. इथं थांबा. बॉक्स बसतो, पण गिअर डावीकडं येतो, ब्रेक उजवीकडं जातो, प्रायमरीची कव्हरं, ब्रेकची कांडी, फूटरेस्ट सगळं बदलावं लागतं. लेथवाल्याचं हे काम नाही.

सुटे भाग नेताना नट-बोल्ट वेगळ्या डब्यात घालून न्या. जुन्या बुलेटला इंचाला २६ आट्यांचा सायकल थ्रेड आहे, नंतरच्या गाड्यांना मेट्रिक. दुसऱ्या गाडीचा नट दोन आटे सहज चढतो आणि मग अडकतो. तिथं पान्याला पाइप लावला की स्टड गेलाच.

व्यवहार मराठी, कन्नड, हिंदी कुठल्याही भाषेत होतो. पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, तर मागा, आणि क्रँकवर डायलचं रीडिंग लिहून घ्या. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम जवळ आला की कारखान्यांची कामं आधी होतात आणि बुलेट मागं पडते, त्यामुळं उन्हाळ्यात क्रँक दिलेला बरा.