सोपस्टोन कोरायचा संच: दगड झकास, कानस कामचलाऊ

घरबसल्या छोटी शिल्पं कोरायला शिकण्यासाठी ऑनलाइन मिळणारा हा संच. पैसे वसूल होतात ते दगडात. हत्तीच्या आकारात आधीच कापलेला, करडा-हिरवट, तळहातात मावेल एवढा सोपस्टोन. नख ओढलं की ओरखडा उठतो, म्हणजे टाल्क हे मऊ खनिज भरपूर.

कोरण्याआधी दगड पाण्यात बुडवून पंख्याखाली ठेवा. बाकी भाग वाळतो, पण चीर असेल तर तिच्यात पाणी राहतं आणि बारीक काळपट रेघ दिसते. ती सोंडेतून किंवा पायातून गेली असेल तर दगड बदलून मागा.

कानस एकच, अर्धगोल आणि बारीक दातांची. भुकटी दातांत गच्च बसते, मग ती घासत नाही, नुसती घसरते. दात साफ करायला तारेचा ब्रश संचात नाही! तो, लाकूडकामाची खरबरीत कानस आणि नीडल फाइलचा (सुईसारख्या बारीक कानशींचा) सेट हार्डवेअरच्या दुकानातून आणा.

माहितीपत्रक सांगतं, आधी सोंड बारीक करा. साफ चूक. आधी पाठ, पोट, डोकं गोल करायचं. सोंड आणि पाय निदान 12 मिलिमीटर जाड ठेवून अगदी शेवटी उतरवायचे. कानस सोंडेच्या टोकाकडून डोक्याकडे चालवा, उलट ओढली तर टवका उडतो. दगड टेबलावर नको, वाळूच्या पिशवीवर टेकवा. सोंड तुटलीच तर अ‍ॅराल्डाइटमध्ये त्याच दगडाची भुकटी कालवून जोडा, सांधा फारसा दिसत नाही.

पॉलिश पेपर फक्त 120 आणि 220 नंबरचे. तिथेच थांबलात तर ओला दगड गुळगुळीत भासतो आणि वाळला की पांढरे ओरखडे वर येतात. 400, 600, 1000 चे वॉटर पेपर वेगळे घ्या. प्रत्येक नंबरनंतर दगड वाळवून बघा. आधीचा एकही ओरखडा शिल्लक असेल तर पुढचा नंबर हातात घेऊ नका.

मेण चांगलं आहे. दगड पूर्ण वाळल्यावर हेअर ड्रायरने हाताला सोसेल इतका गरम करून चोपडायचं. रंग लगेच गडद होतो. खोबरेल नको, ते वाळत नाही आणि धूळ धरतं. (सिंधू संस्कृतीच्या मुद्रा याच जातीच्या दगडात कोरून मग भाजून कठीण केलेल्या. स्वयंपाकघरातल्या ओव्हनचं ते काम नाही.)

संचातला कापडी मास्क सरळ टाकून द्या. सोपस्टोनच्या भुकटीत सिलिका असू शकते, काही खाणींच्या दगडात अ‍ॅस्बेस्टॉसही. विक्रेत्याकडे चाचणीचा दाखला मागा, एन-95 लावा, दगड ओला ठेवूनच घासा. फुंकर आणि झाडू दोन्ही वर्ज्य, ओल्या फडक्याने पुसा. घासलेलं पाणी बादलीत निवळू द्या. बेसिनमध्ये ओतलं तर गाळ पाइपात बसतो.

खोक्यावर ‘8 वर्षांपुढील’ छापलंय, ते मनावर घेऊ नका. त्या वयाला साबणाची ताजी वडी आणि बोथट सुरी द्या. ताजीच हवी, जुनी, सुकलेली वडी सुरी लागताच ढलप्या टाकते.