गिटारविना उभे राहिलेले गाणे : गॅरी न्यूमन यांचे ‘कार्स’

ब्रिटिश गायक गॅरी न्यूमन यांच्या ‘द प्लेझर प्रिन्सिपल’ या १९७९ सालच्या अल्बमची तबकडी गेल्या महिन्यात घरी आली आणि तेव्हापासून कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या माडीवर तिच्या दुसऱ्या बाजूचे ‘कार्स’ हे गाणे रोज एकदा तरी वाजते. या अल्बममध्ये गिटार नाही. पंक रॉकच्या लाटेतून आलेल्या गायकाने असे ठरवणे धाडसाचेच होते. पण हे गाणे ऐकताना गिटारची आठवणही होत नाही, कारण तिची जागा मिनीमूग या सिंथेसायझरने पुरती व्यापली आहे.

मिनीमूगवर एका वेळी एकच स्वर निघतो, मात्र तीन ऑसिलेटरांचे, म्हणजे नाद निर्माण करणाऱ्या भागांचे, नाद एकत्र करून फिल्टरमधून काढले की त्याला असे वजन येते की मोजक्या सुरांची ती ठाशीव सुरावट छातीत घुमते. तिच्या वर पॉलिमूग या दुसऱ्या सिंथेसायझरचा ‘व्हॉक्स ह्युमाना’ हा नाद पसरतो. नावाचा अर्थ ‘मानवी आवाज’ असला, तरी तो ना वृंदगायनासारखा लागतो ना व्हायोलिनसारखा. पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या या गावात पेटी ऐकत वाढलेल्या कानाला फरक लगेच कळतो : पेटीचा भाता वादकाच्या हाताबरोबर श्वास घेतो, येथे मात्र स्वर किंचित डुलतो, पण दमत कधीच नाही.

या थंड नादाखाली सेड्रिक शार्पली यांचे खरेखुरे ड्रम आणि पॉल गार्डिनर यांचा बास आहे, आणि माझ्या मते गाण्याचा जीव तेथेच आहे. यंत्राचा ठेका वापरला असता, तर हे गाणे केव्हाच जुने झाले असते.

लंडनमध्ये रस्त्यावर काही माणसे अंगावर आली असता न्यूमन यांनी गाडीची दारे आतून लावून घेतली, त्या प्रसंगातून हे शब्द सुचले. शब्द थोडे आहेत, आवाज सपाट आहे, आणि ते संपल्यावर उरलेला बराच मोठा भाग केवळ वाद्यांचा आहे. तो लांबल्याचे मला एकदाही वाटले नाही, कारण माणूस गप्प झाल्यावरही गाडी चालतच राहते.

एक अडचण नोंदवायला हवी. हे गाणे बाजूच्या अखेरीकडे, तबकडीच्या मध्याजवळ असल्याने तेथे खोबणीचा वेग कमी पडतो आणि खंजिरीसारखी टॅम्बुरीन फरफरते. सुई बदलल्यावर ती बरीच स्वच्छ ऐकू आली.