प्रवासखर्च की पोस्टरचं बक्षीस?

अतिसंवाहकतेच्या (अतिथंड केल्यावर काही पदार्थांतून वीज विनारोध वाहते, त्या गुणधर्माच्या) परिषदेत तरुण संशोधकांसाठी पैसे बेताचेच असतील, तर ते प्रवासखर्चाला द्यावेत की उत्तम पोस्टरच्या (आपलं संशोधन मांडणाऱ्या भित्तिपत्रकाच्या) बक्षिसाला?

बक्षीस दिसायला छान. फोटो निघतो, बायोडेटात एक ओळ वाढते, आयोजकांचा खर्चही कमी. पण ते मिळतं हॉलपर्यंत पोचलेल्यालाच, आणि घोडं अडतं ते तिथेच. कनिष्ठ संशोधकाची छात्रवृत्ती २०२३पासून महिना ३७,००० रुपये. युरोपातली परिषद म्हटली की विमान, व्हिसा, नोंदणी यांत दोन-तीन महिन्यांची कमाई सहज जाते. त्यात बरीच अनुदानं 'आधी खर्च करा, मग बिलं लावा' या थाटाची. पीएचडी करताना मी मित्राकडून उसने घेतले होते. पैसे परत आले तोवर पुढची परिषद दारात उभी. द्यायचाच तर प्रवासखर्च आगाऊ द्यावा.

बक्षिसाची एक बाजू मात्र मान्य. त्यानिमित्ताने ज्येष्ठ परीक्षक पोस्टरपाशी थांबतात, उलटतपासणी घेतात. भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन जोसेफसनने १९६२मध्ये, दोन अतिसंवाहकांमधल्या पातळ विद्युतरोधक थरातूनही विनारोध प्रवाह वाहू शकतो, हे आपलं प्रसिद्ध भाकीत मांडलं तेव्हा तो २२ वर्षांचा होता, आणि अतिसंवाहकतेच्या सिद्धांताचा एक जनक असलेल्या बार्डीनसारख्या दिग्गजाला ते पटलं नव्हतं. अशी खडाजंगी नवख्याला हवीच. (त्यासाठी बक्षिसाचं पाकीट लागतंच असं नाही.)

परिषद मुंबईतच असेल तर पारडं थोडं फिरतं. लोकलच्या पासावर चर्चगेट आणि पुढे बसने कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत येणाऱ्याला खुशाल बक्षीस द्या. नागपूरहून येणाऱ्याला मात्र तिकिटासोबत राहायची सोयही हवी. दक्षिण मुंबईतली एक रात्र रेल्वेच्या तिकिटाहून महाग पडते.