मुरूडच्या (दापोली) खानावळीची ऑनलाइन नोंद: नऊ महिन्यांचा अनुभव

गणपतीपासून मे अखेरपर्यंत एका घरगुती खानावळीची नोंद सहा ठिकाणी चालवून पाहिली: गुगल बिझनेस प्रोफाइल, ॲपल मॅप्स, बिंग, जस्टडायल, ट्रिपॲडव्हायझर आणि पैसे भरून घ्यायची एक यादी. प्रत्येक फोनला "नंबर कुठून मिळाला?" एवढं विचारून वहीत टिपलं, म्हणून ठामपणे सांगता येतं. किनाऱ्यावरच्या लहान धंद्याला गुगलची एक नोंद बिनचूक असली की बाकीच्या पाचांनी मिळून आणली नाहीत इतकी गिऱ्हाइकं येतात. आणि बिनचूक म्हणजे सगळ्यात आधी पिन, म्हणजे नकाशावरची आपल्या जागेची खूण.

मुरूड दोन आहेत, एक रायगडातलं जंजिऱ्याजवळचं आणि एक दापोली तालुक्यातलं. पत्त्यात तालुका, जिल्हा आणि पिनकोड नसेल तर पुण्याहून निघालेलं कुटुंब भलत्याच जिल्ह्यातली खानावळ बघत बसतं. वाडीचं नाव नकाशाला बहुधा माहीत नसतं, त्यामुळे पिन आपोआप गावाच्या मध्यावर पडते. ती हाताने ओढून लावावी लागते. उपग्रहाचं चित्र इथे फारसं कामाचं नाही, नारळी-पोफळीखाली कौलं दिसतच नाहीत. अंगणात उभं राहून मोबाइलवरचा निळा ठिपका बघा आणि मग पिन लावा. यातही एक चूक हमखास होते. आमची पिन आधी बरोबर घरावर होती, पण घराला सगळ्यात जवळची वाट मागची पाखाडी निघाली आणि नकाशा गाड्या तिकडेच पाठवू लागला. जांभ्याच्या पायऱ्यांपाशी येऊन माणसं फोन करायची. पिन बेड्यापाशी, म्हणजे गाडी उभी राहते तिथे आणल्यावर ते फोन थांबले.

धंदा खरंच तिथे आहे आणि आपलाच आहे, ही गुगलची पडताळणी आता बऱ्याचदा व्हिडिओने होते. तो प्रोफाइलच्याच पडद्यावरून, न तोडता काढायचा. आधी रस्ता आणि आजूबाजूची ओळखीची खूण, मग पाटी, मग कुलूप उघडून आत चूल, भांडी, अन्न परवान्याचा कागद. पाटीवर जे नाव तेच नोंदीत. नावापुढे 'बेस्ट फिश थाळी हर्णै बीचजवळ' असं शेपूट जोडलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि ऐन सीझनमध्ये ते परत मिळवणं फार जिवावर येतं. रेंज कमी असेल तर व्हिडिओ अर्ध्यात अडकतो. तो वायफायवरूनच पाठवा.

नोंदीत धंद्याचा मुख्य वर्ग (प्रकार) एकच निवडता येतो, जोडीला आणखी नऊ. खानावळ आणि दोन खोल्या असतील तर बाहेरचं गिऱ्हाईक ज्यासाठी येतं तोच मुख्य ठेवा. वर्णनाला ७५० अक्षरं मिळतात. त्यात मोदक आगाऊ सांगावे लागतात का, शाकाहारी थाळी मिळते का, मोठी बस वळते का, हे लिहिलं की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

मालकी स्वतःच्या ईमेलवरच ठेवा. नोंद करून देणाऱ्याला 'मॅनेजर' करा, 'मुख्य मालक' करू नका. "गुगलमधून बोलतोय, लिस्टिंग बंद होईल, पैसे भरा" असे फोन येतात. गुगल या नोंदीचे पैसे घेत नाही. फोनवर आलेला कोड सांगितला तर दुकान दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं.

पैसे भरलेल्या यादीचा अनुभव वाईट. त्यांनी आमच्या नंबरऐवजी स्वतःचा, फोन आमच्याकडे वळवणारा नंबर छापला. वर्गणी संपली, नंबर मुका झाला, पण तोवर इतर दोन फुकट याद्यांनी तोच उचलला होता. अशा ठिकाणी पैसे देण्याआधी छापला जाणारा नंबर कुणाचा, हे लेखी घ्या. नाव, पत्ता, फोन सगळीकडे अक्षरशः एकच हवेत.

जस्टडायलवर एक चौकशी अनेक दुकानांकडे जाते; चिपळूण-रत्नागिरीत पंप किंवा एसी दुरुस्तीवाल्याला ते चालेल, खानावळीला तिथून फोन क्वचित आले. कोकम, आमरस घाऊक विकायचा असेल तर इंडियामार्ट पाहावं, थाळीसाठी नाही. बिंगवर गुगलची माहिती थेट ओढून घेता येते. ॲपलची नोंद फुकट आहे, मुंबईचे आयफोनवाले तीच बघतात, म्हणून ठेवली. ट्रिपॲडव्हायझर सोडून दिलं.

अभिप्रायासाठी हात धुण्याच्या जागेजवळ क्यूआर लावला आहे. बदल्यात सोलकढी फुकट, असं मात्र करू नका, ते नियमाबाहेर आहे. वाईट अभिप्रायालाही मराठीत, दोन ओळींत, नेमकं उत्तर द्या.

१ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते, खानावळही बंद ठेवायची तर नोंदीत 'तात्पुरते बंद' निवडा. काहीच न करता कुलूप लावलं तर येऊन परत गेलेला कुणीतरी बदल सुचवतो आणि नोंदीवर 'कायमचे बंद' लागू शकतं. पावसातही आठवड्यातून एकदा प्रोफाइल उघडून बघा, आणि चाकरमानी गणपतीला निघायच्या आधी 'सुरू' करा.