पोर्च, पार्किंग की गच्ची? उघड्यावरच्या काँक्रीटला कोणतं कोटिंग टिकतं

बाहेरच्या काँक्रीटसाठी कोटिंग विचारलं की पहिलं नाव इपॉक्सीचंच, म्हणजे दोन भाग कालवून लावायच्या रेझिनच्या थराचंच निघतं. छपराखाली ते खरोखर उत्तम आहे. काँक्रीटला घट्ट धरतं, तेल आणि ग्रीस पचवतं, घासलं जाऊनही टिकतं. उघड्यावर मात्र दोन गोष्टी त्याच्या मुळावर येतात.

पहिली ऊन. नेहमीचं इपॉक्सी बिसफेनॉल-ए वर आधारलेलं असतं आणि त्यातली बेंझीनची कडी अतिनील किरण शोषून घेते. आधी पिवळेपणा येतो, मग चकाकी जाते आणि शेवटी हात फिरवला तर भुकटी लागते. ‘यूव्ही रेझिस्टंट इपॉक्सी’ म्हणून मिळणाऱ्या मालात हे फक्त सावकाश घडतं. राखाडी रंगात पिवळेपणा कमी दिसतो इतकंच.

दुसरी गोष्ट उष्णता. साध्या हवेत वाळलेलं बहुतेक इपॉक्सी साधारण 50 ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी गडद रंगाची फरशी सहज तिथवर तापते. त्यावर तापलेल्या टायरची गाडी उभी राहिली की टायरबरोबर रंगाचा पापुद्राही उचलला जातो.

गाडी उभी राहणारा पोर्च

इथे खरी निवड दोन पर्यायांतली आहे. एक, खाली इपॉक्सी आणि वर ॲलिफॅटिक (बेंझीनची कडी नसलेलं) पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू. दोन, पॉलिॲस्पार्टिक, म्हणजे पीयूच्याच कुळातलं झटपट वाळणारं कोटिंग.

बहुतेक घरांसाठी आमचं मत पहिल्याच्या बाजूने आहे. इपॉक्सी काँक्रीटला धरून ठेवतं, पीयू ऊन झेलतं. पीयू घेताना डेटा शीटवर, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकावर, ‘ॲलिफॅटिक’ हा शब्द आहे ना, ते बघाच. ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझीनची कडी असलेलं पीयू स्वस्त असतं, पण उन्हात तेही पिवळं पडतं.

40 चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे 430 चौरस फुटांच्या पोर्चचा हिशेब असा: प्रायमर चौरस मीटरला 200 ते 250 ग्रॅमने 8 ते 10 किलो. 300 मायक्रॉनच्या (1000 मायक्रॉन म्हणजे 1 मिलिमीटर) बिनसॉल्व्हंट, म्हणजे उडून जाणारं द्रावक नसलेल्या, इपॉक्सी थराला 12 लिटर. वर पीयूचे वाळून प्रत्येकी 50 मायक्रॉनचे दोन हात, मालात घन भाग (वाळल्यावर उरणारा) 50 टक्के असेल तर 8 लिटर. खरखरीत काँक्रीट जास्त पितं, म्हणून 10 टक्के माल वरचा धरावा. पावसात पाय घसरू नये म्हणून इपॉक्सी ओलं असतानाच बारीक क्वार्ट्झ वाळू भुरभुरावी.

पॉलिॲस्पार्टिकचा मोठा गुण म्हणजे वेग. एका दिवसात काम उरकतं, उन्हातही रंग टिकतो. पण कालवलेला माल हातात जेमतेम 15 ते 30 मिनिटं राहतो आणि दमट हवेत ती वेळ आणखी घटते. नवख्या कारागिराच्या हाताखाली रोलरचे जोड कायमचे दिसतात. सोसायटीचं पार्किंग दोन दिवसांच्या वर बंद ठेवता येत नसेल आणि हात बसलेली टोळी मिळत असेल, तरच जास्तीचा पैसा वसूल होतो.

गच्ची

इथे इपॉक्सी नकोच. मुंबई-कोकणाकडच्या बऱ्याच जुन्या गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे घालून केलेला थर असतो. विटांचे तुकडे पाणी धरून ठेवतात. वरून वाफ कोंडणारा थर दिला की ऊन तापताच त्या पाण्याची वाफ फुगे आणते आणि पोपडे निघतात. शिवाय तापून-निवून स्लॅब हलतो तेव्हा ताठ इपॉक्सी भेगेबरोबर तुटतं. गच्चीला वाफ बाहेर सोडणारं, ताणलं जाणारं ॲक्रिलिक बरं. ते गाडीचं वजन पेलत नाही आणि पाणी साचून राहिलं तर मऊ पडतं, म्हणून आधी उतार दुरुस्त करून घ्यावा.

बिघडतं कुठे

बहुतेक तक्रारींचं मूळ डब्यात नसतं, तयारीत असतं. नवीन काँक्रीटला 28 दिवस द्या. वरची सिमेंटची कच्ची साय डायमंड ग्राइंडरने काढा आणि धूळ व्हॅक्यूमने ओढा. ॲसिडने धुणं स्वस्त पडतं, पण नीट धुतलं गेलं नाही तर क्षार आत राहतात आणि वर ओलही वाढते. घासून झाल्यावर पाण्याचे थेंब टाकून बघा. ते मोत्यासारखे वरच राहिले तर तेल किंवा जुना सीलर अजून शिल्लक आहे.

ओल तपासायला 45 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा पॉलिथिनचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि किमान 16 तास ठेवा. आतून दव दिसलं किंवा काँक्रीट काळपट पडलं तर काम थांबवा. जमिनीवर टाकलेल्या कोब्याखाली प्लास्टिक नसेल तर ही ओल उन्हाळ्यातही वर येत राहते. अशा जागी रंगाचा नादच सोडावा.

कोटिंग सकाळी चढत्या उन्हात करू नये. काँक्रीट तापतं, त्यातली हवा फुगते आणि बारीक छिद्रं पडतात. दुपारनंतर फरशी निवायला लागली की प्रायमर मारावा. मात्र फरशीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते) किमान 3 अंश वर हवं. दमट रात्री वाळलेल्या इपॉक्सीवर कधी मेणचट पांढरी साय धरते. ती पाण्याने धुऊन काढल्याशिवाय वरचा पीयू धरत नाही. दोन हातांमधलं अंतर डेटा शीटपेक्षा लांबलं तर आधी सँडपेपर मारावा. कोकणात या कामाला डिसेंबर ते मार्च हेच महिने योग्य.

इपॉक्सीचे पार्ट ए (रेझिन) आणि पार्ट बी (हार्डनर) अंदाजाने अर्धे करू नयेत, प्रमाण चुकलं तर तो भाग चिकटच राहतो. कालवलेलं इपॉक्सी बादलीत ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने गोठतं, म्हणून लगेच फरशीवर ओतून पसरावं.

कोटेशनमध्ये ‘दोन हात इपॉक्सी’ एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका. वाळल्यानंतरची जाडी मायक्रॉनमध्ये लिहून घ्या. घन भाग 50 टक्के असलेला माल 100 मायक्रॉन ओला लावला तर वाळून 50 च उरतो. मालाचा वरचा हिशेब हाताशी ठेवा आणि काम संपेपर्यंत रिकामे डबे जागेवरच ठेवायला सांगून ते मोजा.